गुडघ्याखालची रेंज

१

मागच्या खोलीत वायफायची रेंज येत नाही, एवढीच तक्रार. कंपनीच्या बाईनं फोनवर ती नोंदवून घेतली, नंबर दिला आणि आणखी काही मदत हवी का, असं गोड आवाजात विचारलं.

"हवी ना," अक्का म्हणाली. "माणूस मागच्या वेळचाच पाठवा. त्यांना घराची माहिती आहे."

"नक्की, मॅडम. काम आवडलेलं दिसतंय त्यांचं?"

"फार," असं म्हणून अक्कानं फोन ठेवला.

अक्का अशी गोड बोलणाऱ्यांतली नव्हे. घरी, दवाखान्यात, जिन्यात, सगळीकडे तोंडाची तिखट म्हणून तिची ख्याती. पोटात एक आणि ओठात एक हा प्रकार तिला जन्मात जमला नव्हता. पण सात महिन्यांत माणूस काय काय शिकतं! सात महिन्यांपूर्वी तिची आई याच घरात मेली. मागच्या खोलीत पलंगावरून पडली. पडताना हाताचा धक्का लागून गजराचं घड्याळ खाली आलं, त्याचे सेल निसटले आणि काटे सव्वादहावर थांबले. अक्का कामावरून परतली ती साडेचारला. म्हणजे सव्वासहा तास. खुब्याचं हाड मोडलेली पंचाहत्तर वर्षांची बाई सव्वासहा तास या घरात एकटी होती.

तिच्या गळ्यात बटण होतं. बोराएवढं पांढरं बटण, दोऱ्यात ओवलेलं. ते दाबलं की घरच्या वायफायवरून अक्काच्या फोनवर निरोप यायचा आणि फोन असा कोकलायचा की मेलेला उठून बसेल. त्या दिवशी फोन एकदाही वाजला नाही.

का वाजला नाही, ते अक्कानं शोधून काढलं होतं. आणि ज्याच्यामुळे वाजला नाही, तो गुरुवारी सकाळी दहाला येणार होता.

२

त्याचा पुरावा तिच्याकडे होता. आई जायच्या तीन आठवडे आधी अक्कानं हीच तक्रार केली होती, अगदी हीच. मागच्या खोलीत रेंज लागत नाही, आईचं बटण तिथून चालत नाही, काहीतरी करा. माणूस आला तेव्हा अक्का कामावर होती. आईनं दार उघडलं, त्याला पाणी दिलं. संध्याकाळी अक्काला कंपनीचा अहवाल आला की तक्रारीचं निवारण झालं आहे. सोबत पाच फोटो. कंपनीचा नियमच आहे, प्रत्येक खोलीत उभं राहून मोबाइलवर रेंज मोजायची आणि त्याचा फोटो जोडायचा. हॉल एक्क्याण्णव, स्वयंपाकघर ब्याण्णव, अक्काची खोली एक्क्याण्णव, पॅसेज एक्क्याण्णव, मागची खोली ब्याण्णव. शंभरापैकी.

तेव्हा तिनं ते आकडे वाचून समाधानानं मान हलवली होती. आई गेल्यावर महिन्यानं ते पुन्हा उघडले आणि कोपऱ्यातली वेळ पाहिली. अकरा वाजून चार मिनिटं. पाचही फोटोंवर अकरा वाजून चार मिनिटं. पाच खोल्या एका मिनिटात! माणूस आहे की माशी? तो हॉलमध्ये, छताला लावलेल्या वायफायच्या पांढऱ्या डब्याखाली उभा राहिला, तिथंच पाच फोटो काढले, एकेका फोटोला एकेका खोलीचं नाव दिलं आणि पाणी पिऊन चालता झाला.

दुसरं कुणी असतं तर कंपनीकडे गेलं असतं. अक्का गेली नाही. कंपनी फार तर त्याला काढून टाकेल, आणि तो उद्या दुसऱ्या कंपनीत लागेल. हे म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. तिला तो माणूस हवा होता.

शिवाय भाऊ होता. धाकटा, परगावी राहणारा, वर्षाकाठी चार दिवस येऊन आईचे पाय चेपणारा आणि मग वर्षभर अक्काला सल्ले देणारा. दर रविवारी त्याचा फोन यायचा. "मी काही म्हणत नाही, अक्का. पण बटण वाजलं कसं नाही?" काही म्हणत नाही म्हणता म्हणता तो सात महिने तेच म्हणत होता. अक्काला रात्रीची झोप नव्हती ती त्या एका वाक्यापायी.

आता खरं सांगायचं तर आई ते बटण उठसूट दाबायची. चष्मा सापडेना, दाब बटण. खिडकीत कबूतर बसलं, दाब बटण. अक्का दातांच्या दवाखान्यात स्वागताच्या टेबलावर बसायची. समोर गाल सुजलेली माणसं, आणि मध्येच पर्समधून फोनची किंकाळी. घाबरून घरी फोन लावावा, तर आई म्हणणार, "काही नाही गं, वाजतंय का ते बघत होते." डॉक्टरांनी दोनदा समज दिली होती. म्हणून कधीमधी अक्का फोनमधल्या त्या अॅपला 'शांत' करून ठेवायची. मग फोन वाजायचाही नाही आणि निरोप आल्याचं दिसायचंही नाही. दुपारी आठवणीनं ती ते पुन्हा चालू करायची.

त्या दिवशी शांत केलं होतं का? नव्हतं. अक्काला पक्कं आठवत होतं. सात महिने ती स्वतःला रोज विचारत होती आणि रोज तिला पक्कं आठवत होतं.

३

माणूस दहाला पाच मिनिटं असताना आला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात घडीची शिडी. अक्कानं मनात रंगवला होता तसा तो मुळीच नव्हता. तिला एखादा मग्रूर, पान चघळल्यासारखं बोलणारा इसम हवा होता. हा दारातच चपला नीट जोडून ठेवणारा निघाला.

"रेंजचं काय असतं, ताई," शिडी उघडत तो म्हणाला, "ती जावयासारखी असते. हॉलमध्ये ऐसपैस बसेल, पण आतल्या खोलीत पाऊल टाकणार नाही. आपणच काहीतरी निमित्त काढून तिला आत न्यायची."

अक्काला हसू आलं, आणि हसू आल्याचा इतका राग आला की तिनं दातओठ खाल्ले.

त्यानं छताचा डबा पाहिला, त्याची दिशा जराशी फिरवली, आणि खिशातून मोबाइल काढला. पडद्यावर मोठा आकडा होता, ब्याण्णव. "आता हा आकडा बघत घरभर फिरायचं. जिथं पडला, तिथं मध्ये काय आहे ते शोधायचं. जाड भिंत असेल, लोखंडी कपाट असेल, आरसा असेल. माणूससुद्धा चालतो. बघा, तुम्ही मध्ये उभ्या राहा."

अक्का डब्याच्या आणि मोबाइलच्या मध्ये उभी राहिली. आकडा ब्याण्णववरून एकाहत्तरवर आला.

"बघितलंत? माणूस म्हणजे पाणीच की सगळं. चालतीबोलती पिशवी. रेंजला पाणी सोसत नाही."

"मागच्या वेळी सगळ्या खोल्या मोजल्या होत्या का तुम्ही?" अक्कानं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"म्हणजे काय! एकूण एक," तो म्हणाला. डोळ्याची पापणी हलली नाही. तिला तो ओळखत नव्हता, घरही त्याला आठवत नव्हतं. आठवणार कसं? दिवसाला बारा घरं.

मागच्या खोलीची तयारी तिनं रविवारीच केली होती. दाराला बाहेरून नवी कडी बसवली होती, जाड, लोखंडी. खिडकीला गज होतेच. खिडकीबाहेर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत, त्यामुळे त्या खोलीत मोबाइल मुका. वायफायही नाही. एकदा माणूस आत गेला की त्यानं कितीही बोंब मारावी, ऐकायला कोण? सव्वादहा ते साडेचार. तिला एक मिनिट कमी नको होतं.

४

पॅसेज अरुंद. दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं भिंतीला पाठ लावावी, एवढाच. या टोकाला हॉल, त्या टोकाला मागची खोली, मध्ये बारा-पंधरा पावलं. आई सापडली ती इथं, हॉलकडून सहाव्या पावलावर. पालथी, तोंड हॉलकडे. पलंगापासून इथवर ती सरपटत आली होती. का आली, ते अक्काला ठाऊक होतं. खोलीत बटण चालत नव्हतं, म्हणून ती रेंज शोधत आली.

माणूस मोबाइल छातीशी धरून पुढे, अक्का मागे. "एक्क्याऐंशी... अठ्ठ्याहत्तर... छान आहे की." मग पिशवी ठेवायला तो वाकला, आणि वाकल्याबरोबर त्यानं भुवया उंचावल्या.

"काय झालं?"

"काही नाही. खाली आकडा पडला. नऊ." तो उभा राहिला. "आता सत्याहत्तर." पुन्हा वाकला. "आठ. गुडघ्याच्या वर फुल्ल आणि गुडघ्याखाली शून्यात जमा. ही काय भानगड! मांजर आहे का तुमच्याकडे?"

"नाही."

"कुत्रं? मासे पाळलेत?"

"या घरात मी एकटी आहे," अक्का म्हणाली.

तो उकिडवा बसून मोबाइल फरशीवरून पुढेमागे सरकवत राहिला. काम करणारा माणूस एखाद्या गोष्टीनं चिडला की तिचा पिच्छा सोडत नाही, तसं त्याचं झालं. पिशवीतून निळी चिकटपट्टी काढून त्यानं आकडा पडला तिथं एक तुकडा चिकटवला, आकडा सावरला तिथं दुसरा. मधलं अंतर वितींनी मोजलं.

"पाच फुटाला थोडं कमी," तो म्हणाला. "आणि रुंदीला दीड. फरशीखाली पाइप असणार. पाण्याचा जाड पाइप."

असणारच. अक्कानंही तेच मनाशी म्हटलं. घर जुनं, पाइप कुठूनही गेलेले असतील. तिची आई चार फूट अकरा इंच होती, याचा पाइपाशी काय संबंध?

"पण पाइप जागचा हलत नाही," तो पुटपुटला. मोबाइल पहिल्या पट्टीवर होता आणि आकडा सत्तर झाला होता. त्यानं मोबाइल हळूहळू सरकवला. आकडा पडला तो पट्टीच्या वीतभर पुढे. त्यांच्या दिशेनं वीतभर. दोघंही आता पट्ट्यांच्या अलीकडे, मागच्या खोलीच्या बाजूला होते, आणि हॉल पट्ट्यांच्या पलीकडे होता.

तेव्हा अक्कानं आवाज ऐकला. ओल्या फडक्यानं कुणी फरशी पुसावी, एकदा पुसून थांबावं, दम घ्यावा, पुन्हा एकदा पुसावी, असा. वरच्या मजल्यावर सामान सरकवत असतील, असं तिनं ठरवून टाकलं. माणसानंही मान वर करून छताकडे पाहिलं, म्हणजे त्यालाही ऐकू आला होता.

"आधी खोली बघा," अक्का म्हणाली. घड्याळात दहा वाजून चौदा मिनिटं झाली होती.

५

तो आत गेला. अक्कानं दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली.

आधी तो हसला. "ताई, दार लागलं बघा वाऱ्यानं." मग त्यानं दार ओढून पाहिलं. मग ठोकलं. मग त्याला कळलं असावं, कारण आतला आवाज एकदम थांबला.

"कशी आहे रेंज?" अक्कानं विचारलं.

"अं?"

"आत रेंज कशी आहे, आकडा सांगा."

"सहा," तो म्हणाला. "ताई, हे काय चाललंय?"

"अहवालात तुम्ही ब्याण्णव लिहिलेत."

मग तिनं सगळं सांगितलं. दाराला पाठ लावून, शांतपणे, एखाद्या पेशंटला पुढची तारीख द्यावी तसं. बटण, खुबा, थांबलेलं घड्याळ, रेंज शोधत पॅसेजपर्यंत सरपटणं, सव्वासहा तास, अकरा वाजून चार मिनिटांचे पाच फोटो. हातातल्या फोनवर ती दोघांचं बोलणं रेकॉर्ड करत होती. आज संध्याकाळी हे भावाला पाठवायचं, आणि खाली एकच ओळ लिहायची, घे, आता बोल.

मग तो म्हणाला, "म्हातारीनं मला पाणी दिलं होतं. पंख्याखाली बसा म्हणाली." त्याचा आवाज खाली आला होता. "चूक झाली, ताई. सगळेच तसं करतात. बारा घरं असतात दिवसाला, एकेक खोली मोजत बसलो तर सहाच होतात. हॉलमध्ये उभं राहायचं आणि पाचही काढायचे. मी केलं तसं. माझ्या हातून झालं."

सात महिने ज्याची वाट पाहिली ते वाक्य तिच्या कानावर पडलं. अक्काचे डोळे भरून आले. बरं वाटलं, फार बरं वाटलं. जिवावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. पण कडी काढावी असं मात्र वाटलं नाही.

"साडेचारला उघडेन," ती म्हणाली.

"ताई, मला साखरेचा त्रास आहे."

"तिला खुब्याचा होता."

आणि तेवढ्यात तो आतून वेगळ्याच आवाजात म्हणाला, "दाराच्या फटीपाशी काहीतरी आलंय. मोबाइल खाली धरला की आकडा शून्य. वर धरला की पंधरा-सोळा."

अक्कानं खाली पाहिलं. दाराच्या फटीशी काही नव्हतं. फरशी होती, निळ्या पट्ट्या होत्या. पण ओल्या फडक्याचा तो आवाज आता वरच्या मजल्यावरून येत नव्हता. तिच्या अंगावर काटा आला, आणि त्या काट्यातच तिला एक आसुरी आनंद झाला. आली! सव्वासहा तासांचा हिशेब चुकवायला आली. जिनं रेंज शोधत फरशीवर नखं घासली, तिचा गुन्हेगार दारापलीकडे बसला आहे आणि तिला ते कळलं आहे.

"आई," ती हलकेच म्हणाली, "हा बघ, आणलाय तुझ्यासाठी."

६

"कुणाशी बोलताय?" आतून त्याचा आवाज चिरकला. "ताई, माझं ऐका. मी खोटा अहवाल दिला, ते कबूल. पण तुम्ही म्हणता, आई पॅसेजमध्ये सापडल्या. पॅसेजमध्ये तर रेंज होती! आत्ता तुमच्यादेखत मोजली, सत्तर-ऐंशी."

"मग?"

"मग तिथून बटण चाललं असणार. त्या रेंज शोधत तिथवर आल्या ना? तिथं आल्यावर दाबलं असेल की. निरोप गेला असेल."

"फोन वाजला नाही," अक्का म्हणाली.

"वाजला नसेल. पण निरोप आला होता का? त्या अॅपमध्ये नोंदी असतात. तुम्ही बघितल्यात?"

ते अॅप अक्कानं त्या दिवसानंतर उघडलं नव्हतं. कशाला उघडायचं? मेलेल्या माणसाचं बटण.

"बघा ना एकदा," तो काकुळतीला आला. "नसेल तिथं काही, तर मला सहा तास काय, सहा दिवस ठेवा. मी ब्र काढणार नाही. पण बघा."

न बघणं म्हणजे घाबरणं, आणि अक्का कुणाच्या बापाला घाबरत नव्हती. तिनं रेकॉर्डिंग चालू ठेवलं आणि अॅप उघडलं. वरच्या कोपऱ्यात एक लहानसं चिन्ह होतं, घंटेवर तिरपी रेघ. त्याच्याखाली लिहिलं होतं, 'शांत: चालू'. सात महिन्यांपासून चालूच. त्या दिवशी सकाळी केलेलं, आणि नंतर बंद करायला आठवण राहिली नव्हती, कारण नंतर आठवणीत राहायला आणखी खूप काही होतं.

तिनं नोंदी उघडल्या.

दहा चोपन्न. दहा छप्पन्न. अकरा. अकरा सात. मग जरा वेळानं अकरा एकतीस. बारा दोन. बारा तीन. बारा चार. बारा अठ्ठेचाळीस. एक वीस. शेवटची एक बावन्नची. अकरा वेळा. प्रत्येक नोंदीपुढे 'पोचला' असं लिहिलं होतं.

बारा दोनला अक्का डबा खात होती. फोन तिच्या पुढ्यात पडलेला होता. दवाखाना घरापासून चालत दहा मिनिटांवर. एक बावन्नपर्यंत आई जिवंत होती, आणि एवढी शुद्धीत की बोटानं बटण दाबता यावं. वाजतंय का ते बघत नव्हती ती. अकरा वेळा बोलावत होती.

"ताई?" आतून तो म्हणाला. "आहे का काही?"

"नाही," अक्का म्हणाली. "काही नाही." तिच्या बोटानं रेकॉर्डिंग कधी पुसून टाकलं, ते तिला कळलंही नाही.

७

पॅसेजमध्ये फडक्याचा आवाज थांबला.

सकाळचे साडेदहा, हॉलच्या खिडकीतून ऊन आत आलेलं, खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करत होतं. सगळं जिथल्या तिथं होतं. अक्कानं स्वतःला समजावलं की पाइप आहे. पाण्याचा पाइप आहे, आणि आता तू शहाण्यासारखी कडी काढ, त्या माणसाची माफी माग आणि त्याला चहा दे. पाय मात्र जागचे हलेनात.

"ताई," तो आतून म्हणाला, अगदी हळू, "ते वर येतंय."

"काय?"

"मघाशी गुडघ्याखाली आकडा पडत होता. आता मांडीशी धरला तरी पडतोय." मोबाइल वरखाली करत असावा. "आता कमरेशी. ताई, हे आत नाही. आत माझ्याजवळ काहीच नाही, मी सगळीकडे फिरवून बघितलं. डबा हॉलमध्ये आहे, मी इथं आहे. जे काही आहे ते मध्ये आहे. तुमच्या बाजूला."

मग अक्काच्या लक्षात आलं. माणसाला कोंडायच्या नादात तिनं कडी घातली ती पॅसेजमध्ये उभं राहून. तो चार भिंतींत होता. ती इथं होती, आणि हॉलकडे जायला दुसरी वाट नव्हती.

तिनं कडी खसकन ओढली. नवी कोरी कडी, लोण्यासारखी सरकली. तिनं दार ढकललं, आणि त्याच क्षणी आतून जुनी कडी लागल्याचा आवाज झाला.

"उघडा," अक्का म्हणाली. "अहो, काढली मी कडी. उघडा दार!"

"नाही, ताई."

"अहो, पाया पडते. मला आत घ्या!"

"तुम्ही खोटं बोललात मघाशी," तो म्हणाला. आवाज थरथरत होता, पण त्यात रागही होता, भीतीनं पाणी पाणी झालेल्या माणसाचा राग. "काही नाही म्हणालात. काहीतरी होतं तिथं. नाहीतर हे माझ्याकडे आलं असतं. तुम्ही साडेचार म्हणालात ना? मी बसतो साडेचारपर्यंत."

अक्कानं दार बडवलं. तळहात लाल होईपर्यंत बडवलं. तिनं त्याला शिव्या दिल्या, मग हात जोडले, मग पुन्हा शिव्या दिल्या. आतून तो फक्त आकडे सांगत राहिला. सांगायचं थांबवलं तर आपली पाळी येईल असं त्याला वाटत असावं. "छातीशी धरला तरी पडतोय... खांद्याशी..."

आपल्या मागे कुणी उभं आहे हे पाठीला कळतं. वळायचं नाही, असं अक्कानं ठरवलं. पण पॅसेज अरुंद होता आणि ती धडपडली, भिंतीला पाठ लागली आणि नजर समोर गेली.

समोर केस होते. पांढरे, विरळ, तेल लावून चापून बसवलेले, आणि मधोमध गुलाबी भांग. रोज सकाळी कामावर जायच्या आधी आईला खुर्चीत बसवून, वरून बघत, ती घाईघाईनं पाडायची तोच भांग, डावीकडे किंचित वाकडा गेलेला. तो तिच्या छातीच्या उंचीवर होता, आणि मान खाली घातलेली होती. चेहरा दिसत नव्हता.

"आई," अक्का म्हणाली, "वाजलं नाही गं. शपथ सांगते, एकदाही वाजलं नाही."

आणि ते ऐकून मान वर व्हायला लागली.